एसीएलच्या ऑपरेशनआधी: गुडघा, घर आणि फाईल

एसीएल म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, दोरीसारखा बंध. तो तुटल्यावर नवा बसवायच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी गुडघा पूर्ण सरळ होतोय का, ते बघा. पलंगावर पालथं झोपायचं, मांड्या गादीवर, गुडघ्याखालचे पाय कडेबाहेर सैल सोडायचे. दोन्ही टाचा एका पातळीत यायला हव्यात. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली, तर दर सेंटीमीटरमागे साधारण 1 अंशाची कमतरता धरा. सूज उतरलेली असावी आणि ताठ पाय उचलताना गुडघा ढिला पडू नये. एवढं जमायला बरेचदा 3 ते 6 आठवडे जातात, जाऊ द्यावेत. आखडलेल्या, सुजलेल्या गुडघ्यात नवं लिगामेंट बसवलं की आत चिवट व्रण धरतो आणि पाय पुढे सरळ होता होत नाही. मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा, तुकडा अडकून गुडघा लॉक झाला असेल, तर मात्र थांबून चालत नाही.

ग्राफ्ट, म्हणजे नवं लिगामेंट करायला लागणारा टेंडन (स्नायूची चिवट दोरी), कुठून घेणार, हे सर्जनना विचाराच. गुडघे टेकायचं काम असेल, मग ती नमाज असो की फरशी बसवणं, तर आधी सांगा. वाटीखालचा टेंडन काढल्यावर टेकताना दुखू शकतं. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा, ग्राफ्ट 8 मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा काय करणार हेही विचारून ठेवा.

तंबाखू बंद. मशेरीसुद्धा तंबाखूच. रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, मनाने बंद करू नका. घरी वस्तरा फिरवू नका. बारीक कापलं तरी जंतूंना वाट मिळते.

घरात बैठा संडास असेल तर कमोड खुर्ची आधीच आणा, ही गोष्ट हमखास राहते. कुबडी आणि काख यांत दोन-तीन बोटांची जागा हवी, भार तळहातांवर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. हे ऑपरेशनआधीच घटवून घ्या.

फाईलमध्ये एमआरआयची सीडी, एक्स-रे, मेडिक्लेमची मंजुरी. खर्चाच्या अंदाजात ग्राफ्ट हाडात पक्का करणारे स्क्रू आणि बटण धरलंय का, ते लेखी घ्या. भूल देण्याआधी योग्य पायावर मार्करची खूण झालीय ना, बघा. घरच्यांनाही बजावून ठेवा: ऑपरेशननंतर उशी गुडघ्याखाली नाही, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली.