टीव्ही देखणा, पण चित्र फिकं आणि मान अवघडलेली? या चुका टाळा

चपट्या टीव्हीबद्दलच्या तक्रारी नीट ऐकल्या, तर खरोखर बिघडलेला टीव्ही त्यात कमीच सापडतो. चेहरे निळसर दिसतात, संवाद कळत नाहीत, दुपारी पडद्यावर समोरची खिडकीच दिसते, तासाभराने मान अवघडते. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. टीव्ही निवडताना आणि लावताना तो बंद असताना कसा दिसेल, एवढाच विचार झालेला असतो. कडा किती बारीक आहेत, भिंतीला किती चिकटून बसतो, वायर कुठे डोकावते का. तो चालू केल्यावर काय, हा प्रश्न भोकं पाडून झाल्यावर सुचतो.

उंची

भिंतीवर टीव्ही अडकवायच्या ब्रॅकेटची जागा ठरवताना आपण उभे असतो, टीव्ही मात्र बसून बघतो. उभ्याने बरोबर वाटलेली उंची म्हणूनच नंतर जास्त निघते. सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर असते, म्हणजे त्याची खालची कड जमिनीपासून ७० ते ७५ सेंटिमीटरवर येते. ऐकणाऱ्याला हे फार खाली वाटतं आणि तिथेच वाद सुरू होतो. तो मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावायचा, दोन-चार दिवस तसाच ठेवायचा आणि बसून बघायचं. घरातले सगळे आपोआप 'थोडा खाली घ्या' म्हणू लागतात.

उंच लावण्यात मानेइतकंच चित्राचंही नुकसान आहे. बऱ्याच एलईडी टीव्हींमध्ये व्हीए प्रकारचं पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा असतो. समोरून बघितलं तर त्यावरचा काळा रंग गडद दिसतो, पण खालून किंवा बाजूने बघितलं की तोच राखाडी पडतो. टीव्ही वर लावण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर पुढे झुकणारा ब्रॅकेट घ्या. भिंतीला चिकटणारा सपाट ब्रॅकेट फोटोत छान दिसतो, पण नंतर एचडीएमआयची वायर बदलायची झाली की मागे हात जात नाही.

माप आणि अंतर

टीव्हीचे इंच कर्णाचे असतात, रुंदीचे नव्हेत. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो आणि ६५ इंची १४४. शिवाय नव्या टीव्हींचे पाय मधोमध नसून अनेकदा दोन टोकांना असतात. टीव्ही टेबलावर मावेल, पण पाय हवेत राहतील, असा प्रकार होतो. म्हणून खरेदीआधी दोन पायांमधलं अंतर बघा.

किती लांबून बघायचं? सिनेमासाठी पडदा नजरेच्या ३० अंशांत बसावा, असा एक जुना, कामाचा हिशेब आहे. म्हणजे कर्णाच्या साधारण १.६ पट अंतर. ५५ इंचांसाठी सव्वादोन मीटर, ६५ इंचांसाठी पावणेतीन मीटरच्या आत. तीन मीटरवर बसून ५५ इंची पडद्यावर ४के आणि फुल एचडीतला फरक शोधणं म्हणजे डोळ्यांना उगाच कामाला लावणं आहे. तेवढ्या अंतरावरून फुल एचडीचे ठिपकेही वेगळे दिसत नाहीत.

भिंत

ब्रॅकेट आणि टीव्ही यांची भोकं जुळतात की नाही, हे व्हेसा या मापावरून कळतं. २०० बाय २०० किंवा ४०० बाय ४०० मिलिमीटर असे आकडे टीव्हीच्या माहितीपत्रकात असतात. स्क्रूची लांबीही तिथेच बघा. हाताशी आला तो लांब स्क्रू आवळला, तर तो आतल्या भागांपर्यंत पोचू शकतो.

भिंत विटांची आहे, काँक्रीटची आहे, हलक्या ब्लॉकची आहे की पोकळ बोर्डाची, त्यावर स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लग ठरतो. बाहेर ओढता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटबाबत तर जास्तच सावध राहा, कारण टीव्ही जितका पुढे येतो तितका वरच्या स्क्रूंवरचा ताण वाढतो. पोकळ भिंतीवर असा ब्रॅकेट मी तरी लावणार नाही. आणि प्लगच्या सॉकेटच्या सरळ वर ड्रिल मारू नका. आतली वायर बहुधा त्याच रेषेत वर गेलेली असते.

चित्राचा मोड

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि ते दुरुस्त करायला खर्च काहीच नाही. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली, शेजारच्या दहा टीव्हींमधून उठून दिसण्यासाठी जो मोड असतो, तो व्हिव्हिड किंवा डायनॅमिक. कित्येक घरांत टीव्ही वर्षानुवर्षं त्याच मोडवर चालतो. रंग भडक, पांढरा निळसर, कातडीचा रंग मेणासारखा. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओंच्या संघटनेने २०१९मध्ये जाहीर केला, तो नेमका याचसाठी. पहिल्या संध्याकाळी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. लगेच मागे फिरू नका. डोळे सरावले की जुना मोड परत लावून बघा, तोच बटबटीत वाटतो.

त्या मोडमध्ये गेल्यावर आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो. त्यांच्या मधल्या जास्तीच्या चौकटी टीव्ही स्वतः बनवून भरतो आणि भारी चित्रपटही रोजच्या मालिकेसारखा दिसू लागतो. सोनीत हिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. खेळाच्या सामन्याला चालू ठेवा हवी तर, सिनेमाला बंद करा. दुसरी गोष्ट शार्पनेस. तो वाढवल्याने बारकावे वाढत नाहीत, कडांभोवती पांढरी रेघ मात्र उमटते. तिसरी, वीज वाचवणारा मोड आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर. 'टीव्ही आपोआप काळवंडतो' या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

बातम्यांची पट्टी किंवा गुण दाखवणारा कोपरा कापला जात असेल, तर ते ओव्हरस्कॅन. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' असं काहीतरी असतं, ते निवडा.

खिडकीचं प्रतिबिंब मात्र सेटिंगने जात नाही. टीव्ही खिडकीसमोर लावूच नका, नाहीतर पडदे जाड घ्या. टीव्हीमागे दिव्यांची पट्टी लावायचीच असेल, तर ती पांढरी लावा. जांभळ्या-हिरव्या उजेडात पडद्यावरचे रंग डोळ्यांना चुकीचेच भासतात.

आवाज

सडपातळ शरीरात मोठा स्पीकर मावत नाही. जो असतो, तो बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसलेला असतो. संवाद दबतात ते त्यामुळे. आधी आवाजाच्या मोडमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असा पर्याय वापरून बघा. नाही भागलं, तर साउंडबार घ्या. तो पडद्याच्या खालच्या कडेसमोर उंच उभा राहणार नाही हेही बघा, नाहीतर रिमोटचा सेन्सर झाकला जातो आणि 'रिमोट गेला' असा समज होतो.

साउंडबार जोडला पण आवाज नाही? एचडीएमआयची वायर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या पोर्टातच हवी, बाजूच्या पोर्टात नाही. टीव्हीमधली सीईसीची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोयही सुरू हवी. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय: सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक, एनीनेट प्लस. तरीही शांतता असेल, तर डिजिटल आवाजाचं सेटिंग पीसीएम या साध्या प्रकारावर करून बघा. शब्द आधी येत असतील आणि ओठ नंतर हलत असतील, तर ऑडिओ डिले नावाचं सेटिंग असतं.

गेम खेळणाऱ्यांची अशीच एक गोची होते. नवा कन्सोल जोडला, पण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र, दिसतच नाही. कन्सोल लावलेल्या पोर्टाचं वाढीव सिग्नलचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं, आणि सेकंदाला १२० चौकटी ४केमध्ये हव्या असतील तर त्या क्षमतेचं पोर्ट आणि वायर दोन्ही लागतात.

ओएलईडी असेल तर

ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. पण एकाच जागी तासन्‌तास राहणारं वाहिनीचं चिन्ह कालांतराने पडद्यावर कायमचा ठसा सोडू शकतं. दिवसभर एकच वाहिनी चालू राहणाऱ्या घरात मी ओएलईडी सुचवणार नाही. आणखी एक, टीव्ही रिमोटने बंद केला की लगेच भिंतीवरचं बटणही बंद करायची सवय सोडा. पडदा सम राखण्याची देखभाल तो स्टँडबायमध्येच, म्हणजे रिमोटने बंद पण वीज चालू असतानाच करतो.

पुसायचं तर सुक्या मायक्रोफायबरने. काचेचा फवारा नको, आणि पाणीसुद्धा थेट पडद्यावर नको.

बिघाड आहे की नाही?

टीव्ही अडकला, ॲप उघडत नाही, चित्र गोठलं, तर प्लग काढा, टीव्हीवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग पुन्हा लावा. रिमोटवरून बंद-चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे, कारण तो फक्त स्टँडबायमध्ये जातो. वायफायवर चित्र थांबत असेल आणि टीव्ही राउटरजवळ असेल, तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा.

रिमोटची शंका असेल, तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून पॉवरचं बटण दाबा. पुढचा दिवा लुकलुकताना दिसला, तर रिमोट शाबूत आहे.

आवाज येतो पण पडदा काळा? खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरका धरून पडद्यावर मारा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर एलईडी टीव्हीचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा गेलाय, आणि तो बदलता येतो. पडद्यावर सरळ उभी रेघ आली असेल आणि ती मेन्यूवरही दिसत असेल, तर वायर बदलून उपयोग नाही, दोष पॅनेलच्या बाजूचा आहे. पॅनेल बदलायच्या खर्चात अनेकदा नवा टीव्ही येतो, म्हणून होकार देण्याआधी अंदाजपत्रक लेखी मागा.

मेकॅनिकला फोन केल्यावर पहिला प्रश्न मॉडेल क्रमांकाचा असतो. तो मागच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, म्हणजे भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत. सेटिंगमध्येही दिसतो, पण पडदा काळा असेल तर तिथे पोचणार कसं? म्हणून टीव्ही ब्रॅकेटवर चढवण्याआधीच स्टिकरचा आणि सगळ्या पोर्टांचा मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवा.