पॅथॉलॉजीतला आजार घोकंपट्टीशिवाय कसा शिकायचा

कोणताही आजार वाचण्याआधी त्या अवयवाची नॉर्मल स्लाइड (मायक्रोस्कोपखाली बघायचा पातळ काप) पाच मिनिटं नीट बघा. नॉर्मल डोळ्यांत बसलेलं नसेल तर बिघाड ओळखू येत नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग कोऱ्या कागदावर साखळी काढा: कारण, पेशीत काय घडतं, नुसत्या डोळ्यांना आणि मायक्रोस्कोपखाली काय दिसतं, रुग्णाला काय होतं. प्रत्येक बाणावर ‘का?’ लिहा.

हार्ट अटॅक घ्या. 1 ते 3 दिवसांत न्यूट्रोफिल्स (सर्वांत आधी पोचणाऱ्या पांढऱ्या पेशी) गर्दी करतात, 3 ते 7 दिवसांत मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) मेलेला स्नायू साफ करतात. कोलॅजन (व्रणाला बळकटी देणारं धागेदार प्रथिन) अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, म्हणून हृदयाची भिंत नेमकी याच काळात मऊ पडते आणि फाटू शकते. पक्का व्रण व्हायला साधारण 2 महिने लागतात. हे कारण कळलं की दिवस आपोआप लक्षात राहतात.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज आणणारे दोन आजार) यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या जोड्यांचा तक्ता करा, पण त्यात फक्त फरक लिहा.

दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने, पुस्तक मिटून तीच साखळी काढा. हायलायटरने ओळी रंगवून विषय आल्यासारखा वाटतो, एवढंच! स्लाइडचं नाव झाकून आधी वर्णन बोला, निदान नंतर.