नेव्हीतला आपला मित्र अपघातात गेला, त्याचा स्मृतिदिन कसा करायचा

सगळ्यात आधी त्याच्या घरी जा आणि विचारा. त्याच्या आईला, वहिनींना. बॅनर, चौकाला नाव वगैरे नंतर, आणि त्या नको म्हणाल्या तर नको, तिथे मंडळाने हट्ट धरायचा नाही. वर्षश्राद्ध घरचे तिथीने करतील, आपल्या नाशिकच्या गंगेवर म्हणजे गोदावरीवर जातील, त्यात आपण पडायचं नाही. मित्रांनी जे करायचं ते तारखेने करा म्हणजे जहाजावरच्या त्याच्या सोबत्यांना आधीच सुट्टी टाकता येते. तारीख पावसाळ्यात येत असेल तर रामकुंडावर काही ठरवू नका, गंगापूर धरणाचं पाणी सोडलं की नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली हेच बघायला सगळे जातात, सरळ त्याच्या शाळेचा हॉल मागा.

आता फोटोखाली काय लिहायचं, खरा घोळ इथेच होतो. नाशिकला देवळाली कॅम्प, आर्टिलरी म्हणजे तोफखान्याचं सेंटर, त्यामुळे फौजी म्हटलं की फ्लेक्सवाला मागे तोफा आणि आगच टाकतो आणि वर "शत्रूशी लढताना". असं नका करू राव. माणूस अपघातात गेला तर अपघातात गेला लिहा, त्यात कमीपणा कसला? लढाई नसली तरी जहाजावर इंधन, दारूगोळा, वीज, बंद कंपार्टमेंट सगळं असतंच ना. आयएनएस सिंधुरक्षक ही पाणबुडी १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत गोदीतच स्फोट होऊन बुडाली, १८ जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये आयएनएस रणवीरवर आतल्या कंपार्टमेंटमध्ये स्फोट झाला, तिघे गेले. समोर शत्रू कुठे होता? म्हणून नाव, रँक, जहाज, तारीख आणि "कर्तव्यावर असताना अपघाती निधन", बास. रँक घरच्यांना विचारूनच टाका, नेव्हीत हवालदार नसतो, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर अशी पदं असतात. आणि चौकशी चालू असेल तर कोणाची चूक झाली यावर माइकवर एक शब्द नको, समोर त्याचे वडील बसलेले असतात.

भाषणं दोनच ठेवा (नगरसेवक येणारच, त्यांना पहिलं देऊन टाका). त्यापेक्षा जहाजावरच्या पोरांकडून व्हॉइस नोट मागवा. "शूर होता" असलं नको, तो नेमकं काय काम करायचा, इंजिन रूममध्ये होता की डेकवर, रात्रीच्या वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) काय बडबडायचा, त्याला काय नाव पाडलं होतं हे विचारा, कारण गावात यातलं कोणालाच माहीत नसतं आणि आईला तेच ऐकायचं असतं. सगळं एका पेनड्राइव्हवर टाकून घरी द्या, व्हॉट्सॲपवर राहिलं की फोन बदलला की गेलं.

४ डिसेंबरच्या नेव्ही डेलाच उरकू असं कोणीतरी म्हणेल. तो १९७१ च्या कराची हल्ल्याचा दिवस, तिथे लढाईचंच बोलणं होणार आणि आपला पोरगा बाजूला राहणार. त्याचा दिवस वेगळाच ठेवा.

एका मित्राने कागदपत्रांकडे बघा. पेन्शनचं काही अडलं असेल तर वहिनींसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, नौसैनिकांचं रेकॉर्ड मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं, पत्रात त्याचा सर्व्हिस नंबर टाकायचाच.

पैसे उरले तर पुतळाबितळा नको, गावातल्या दोन पोरांची सावरकर तरण तलावाची फी भरा. पावती आणि हिशोब त्याच दिवशी ग्रुपवर टाकून द्या.