लॅपटॉपवर डिस्क बर्न करायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

आधी काही डाउनलोडच करू नका. विंडोजमध्ये आयएसओ फाइलवर (म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) राइट क्लिक केलं की डिस्क बर्न करायचा पर्याय मिळतो. उघडणाऱ्या छोट्या खिडकीत 'व्हेरिफाय'च्या चौकोनात टिक करा, म्हणजे बर्न झाल्यावर डिस्क तपासली जाते. साधे फोटो-फाइल्स कॉपी करायलाही विंडोजची सोय पुरते. फक्त विचारलं तर 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसह' हाच पर्याय निवडा, म्हणजे डिस्क इतर कॉम्प्युटरवरही सहज चालते.

वेगळं सॉफ्टवेअर लागतं ते टीव्हीवर चालणारी व्हिडिओ डीव्हीडी हवी असेल तेव्हा. जुन्या प्लेअरवर वाजणारी ऑडिओ सीडी विंडोज मीडिया प्लेअरमध्येही बनते. नुसत्या एमपी३ फाइल्स टाकल्या तर ती डेटा डिस्क होते, आणि पुष्कळ जुने प्लेअर ती वाचतच नाहीत. ऑडिओ सीडीसाठी वेगळं सॉफ्टवेअर हवंच असेल तर सीडीबर्नरएक्सपी मोफत आहे, लिनक्सवर केथ्रीबी उत्तम. इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या फालतू प्रोग्रॅमची टिक काढून टाका.

निवडताना मी सगळ्यात जास्त वजन व्हेरिफायला देतो. वेळ लागतो खरा, पण लग्नाचे फोटो डिस्कवर नीट उतरलेत की नाही हे तेव्हाच कळतं. वेगही कमाल ठेवू नका. आणि बर्न चालू असताना चार्जर लावलेला असू द्या.