‘बॅनिश्ड’मध्ये गाव वसवायचं तर आधी हजेरी मांडा

‘बॅनिश्ड’ पहिल्यांदा उघडला तेव्हा शेजारी बसलेल्या भाच्यानं विचारलं, ‘‘मामा, ह्यात पैसे कुठं दिसंनात की!’’

दिसणार कुठून? या गेममध्ये पैसा हा प्रकारच नाही. कुठूनतरी हाकलून दिलेली चार-सहा कुटुंबं, एक नदी, रान आणि पुढे वाट बघणारा हिवाळा, एवढ्यावर गाव उभं करायचं. लाकडी घराला 16 ओंडके आणि 8 दगड लागतात. ते कुणीतरी जाऊन तोडायचे, उचलायचे, आणून टाकायचे. त्यामुळे नव्या खेळाडूनं वर दिसणारे धान्याचे आकडे बघत बसण्यापेक्षा आपल्याकडे गडी किती आणि आत्ता कोण कुठं लागलाय, हे आधी बघावं. मी खानापूरकडं एका वीटभट्टीवर हजेरी ठेवतो. पाऊस लागला की भट्टी बंद आणि वही कपाटात. तेव्हा हा गेम हाती आला आणि दोन दिवसांत वाटलं, ही तर आपलीच वही.

आधी थोडी माहिती. ल्यूक होडोरोविच नावाच्या एकट्या माणसानं ‘शायनिंग रॉक सॉफ्टवेअर’ या नावाखाली हा गेम बनवला आणि तो फेब्रुवारी 2014मध्ये आला. विंडोजवर चालतो, जागा जेमतेम 250 एमबी खातो, जुन्या लॅपटॉपलाही झेपतो. उतरवून घेतला की नेट लागत नाही. आमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैत वीज आणि रेंज दोन्ही रुसलेल्या असतात, तिथं ही मोठी सोय. सेव्ह मात्र अधूनमधून करत राहा.

वेळ थांबत नाही, पाळीपाळीनं चाल करायची भानगड नाही. वेग 1, 2, 5 आणि 10 पट करता येतो. 10 पट वेगाचं बटण पहिल्या वर्षी विसरा. उलट पॉज भरपूर वापरा, कारण पॉजमध्येही बांधकामाची आखणी करता येते. सगळं आखून घ्यायचं आणि मग घड्याळ सोडायचं.

सुरुवातीच्या पडद्यावर ‘इझी’ घ्या, त्यात कमीपणा नाही. तयार घरं, बियाणं, थोडी जनावरं मिळतात. ‘हार्ड’मध्ये घर नाही, बी नाही, जनावरं नाहीत. हवामान सौम्य ठेवा, आणि आग-वादळाची आपत्ती बंद करा. गावाला घडी बसायच्या आत ते जळालं तर शिकणार काय? गावाला नाव देता येतं. माझ्या गावाचं नाव कणकुंबी, मलप्रभेच्या उगमावरून, इंग्रजी अक्षरांत टाईप करून. माणसांची नावं मात्र गोऱ्यांचीच राहतात.

आता पहिला वसंत. शेतकऱ्याच्या घरातला माणूस इथं हमखास शेत आखायला धावतो, 15 बाय 15चं, म्हणजे परवानगी असेल तेवढं सगळ्यांत मोठं. थांबा. शेताचं पीक शरदात एकदा येणार, आणि कापणी रेंगाळली तर थंडी उभं पीक मारणार. शेत लहान ठेवा आणि जुन्या दाट रानात ‘गॅदरर्स हट’ बांधा. तिथली माणसं बेरी, मुळं, अळंबी, कांदे गोळा करून आणतात, म्हणजे हातात अन्न लवकर पडतं. त्या झोपडीभोवतीची झाडं तोडायची खूण मात्र करू नका. रान गेलं की गोळा करायला काही उरत नाही. लाकूड दुसऱ्या बाजूनं आणा. पुढे जवळच ‘फॉरेस्टर’ बसवला की लावणीही होते आणि तोडही. शिकाऱ्याची केबिन त्याच रानात चालते, मांसाबरोबर कोटासाठी कातडंही मिळतं.

आणि हो, भात नाही. ऊसही नाही. बटाटा, मका, गहू, घेवडा, कोबी, भोपळा, मिरची आहे. गाई आहेत, पण नांगराला बैल नाही. आमच्या भागातल्या माणसाला हे गाव थोडं उपरं वाटणारच.

खाण्याचा हिशेब सोपा: माणशी वर्षाला साधारण 100 एकक अन्न धरा, पोरंसोरं धरून. गावात 30 डोकी असतील तर 3000 निघायलाच हवेत, वर थोडी बेगमी.

जळणाचं तसं नाही, ते डोळ्यांत येत नाही. आमच्याकडं मे संपायच्या आत पडवीत जळण रचून होतं, कारण मिरगानंतर सुकं लाकूड मिळणार नाही हे पोरालाही कळतं. गेममध्ये वसंत-ग्रीष्मात सगळं गोड चाललेलं असतं आणि थंडी पडली की माणसं गारठून मरायला लागतात. ‘वुडकटर’ पहिल्या काही बांधकामांतच उभा करा. तिथं एकच गडी लागतो, पण तो ओंडके फोडून वर्षभर जळण करत राहतो. एक खोच आहे: प्रत्येक मालाला ‘लिमिट’ असते. जळणाची लिमिट भरली की तो फोडणं थांबवतो. घरं वाढली आणि लिमिट जुनीच राहिली, तर पुढच्या माघात रडायची वेळ. घरं वाढवाल तशी तीही वाढवा.

आता खरी हजेरी. कामांची यादी उघडली की कुठल्या कामावर किती गडी ते दिसतं. सगळ्यांना कुठल्यातरी कामाला जुंपून ‘लेबरर’ शून्य करू नका. मोकळे गडीच ओंडके-दगड वाहतात आणि कुणी मेला तर त्याच्या जागी आपोआप उभे राहतात. दुसरं, चालणं. माणूस गावाच्या या टोकाला राहतो आणि त्या टोकाला कामाला जातो, तर त्याचा दिवस रस्त्यात जातो. म्हणून रानाजवळच दोन-तीन घरं, एक कोठार आणि ओंडक्यांचा साठा एकत्र टाका. मधोमध भलंमोठं गाव करण्यापेक्षा वाड्या-वाड्या करा.

आणि घरं. हा गेम बहुतेकांना बुडवतो तो इथं. एका घरात पाच माणसं मावतात. रिकामं घर मिळालं तरच तरुण जोडपं वेगळं होतं, आणि मग पोरं होतात. तुम्ही ‘आहेत ती घरं पुरेत’ म्हणून बांधणं थांबवलंत तर पोरं आईबापाच्याच घरात पंचविशीची होतात, पाळणा हलत नाही, आणि एके दिवशी म्हातारे पाठोपाठ जातात. भट्टीवर सगळेच गडी साठीचे आले तर पुढच्या सीझनला जे होईल ते. उलट, घाईनं दहा घरं एकदम बांधलीत तर पोरांचा सुकाळ. खायला सगळी तोंडं, कामाला हात नाही. वर्षाला एक-दोन घरं, नेमानं, भरल्या कोठारातही आणि ओढाताणीतही. खेळातलं एक वर्ष सरेपर्यंत माणसांची वयं कितीतरी वर्षांनी पुढे जातात, म्हणून हा फेरा वाटतो त्यापेक्षा लवकर येतो.

शाळा नसेल तर पोरगं दहाव्या वर्षी कामाला लागतं. शाळा बांधली की तेवढे हात काही काळ मिळत नाहीत, पण शिकलेला माणूस पुढे जास्त काम करतो. बरेच खेळाडू शाळा लांबवतात. मी दहा वर्षांच्या पोराचं नाव भट्टीच्या वहीत घालत नाही, इथंही घालणार नाही. शाळेला एक शिक्षक आणि वीस पोरांची सोय असते. अन्न-जळणाची घडी बसली की लगेच बांधा.

लोहार लोखंड आणि लाकडातून हत्यारं करतो, शिंपी कातड्याचे कोट. दोघांना एकेक माणूस द्या. हत्यारं संपली की सगळ्याच कामांचा वेग पडतो, तेव्हा तो आकडा शून्यावर जाऊ देऊ नका.

हाताशी मोकळे गडी दिसायला लागले की नदीकाठी ‘ट्रेडिंग पोस्ट’. होडीतून व्यापारी येतात आणि मालाला माल असा सौदा होतो. जळण चांगलं खपतं, म्हणून दुसरा वुडकटर इथं कामी येतो. नवं बियाणं एकदाच घ्यावं लागतं, मग ते गावाचंच. हवी ती वस्तू मागवून ठेवता येते, पण तिचा भाव चढा लागतो. पहिल्या फेरीत मेंढ्या आल्या तर बियाण्याआधी त्या घ्या: मांस आणि लोकर दोन्ही मिळतं, आणि लोकर-कातडं मिळून शिंपी जास्त उबदार कोट शिवतो. कुरण मात्र व्यापारी यायच्या आधीच कुंपण घालून तयार ठेवा, आणि एक मेंढपाळ वहीत मोकळा ठेवा.