पाणी लांब द्या, खोड मोकळं ठेवा: गरम हवेत घराभोवतीची झाडं-झुडपं कशी जपायची

झाड मलूल दिसलं की आपण काय करतो, तर पाइप घेऊन बुंध्यापाशी उभं राहतो आणि धार सोडतो, आणि नेमकं तिथंच चुकतं. मोठ्या झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्याला चिकटून फारशी नसतातच, ती फांद्यांची टोकं जिथवर जातात तिथे आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात, तीही बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत. हे एकदा डोक्यात बसलं की पाणी कुठे, खत कुठे हे प्रश्न आपोआप सुटतात.

१. लावताना खड्डा रुंद घ्या, खोल नको

मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद आणि खोली फक्त गोळ्याएवढी. खोड खाली जिथे रुंद होऊन मुळं फुटायला लागतात तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. पिशवीतल्या रोपात बरेचदा तो आधीच मातीखाली गेलेला असतो, मग बोटांनी माती बाजूला करून शोधायचा. गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा, नाही सुटली तर कापा. माझं एक कांचनाचं रोप मी तसंच लावलं होतं, तीन वर्षं जगलं पण वाढेचना, शेवटी उकरून पाहिलं तर त्याच्याच एका मुळाने खोडाला फास घातला होता. फार वाईट वाटलं, कारण लावतानाची पाच मिनिटं वाचवली तिथे झाडाची तीन वर्षं गेली.

खड्डा परत भरताना तीच माती वापरा. नुसत्या खड्ड्यात भारी खतमाती भरली की मुळं त्या मऊ मातीतच घुटमळतात, बाहेर जात नाहीत. कंपोस्ट वरून पसरलं तरी चालतं.

२. पाणी

नवीन रोपाचं वेगळं असतं. त्याची मुळं अजून गोळ्यातच असतात, म्हणून पहिले काही आठवडे पाणी तिथेच, आणि उन्हाळा असेल तर जवळपास रोज बघावं लागतं, आजूबाजूची माती ओली आणि गोळा मात्र कोरडा असं सर्रास होतं. नंतर मात्र दर काही महिन्यांनी आळं, म्हणजे पाणी थांबावं म्हणून झाडाभोवती केलेला गोल खळगा, बाहेर बाहेर सरकवत न्यायचं, म्हणजे मुळंही पाण्यामागे बाहेर जातात.

रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा एकदाच भरपूर द्या आणि मग थांबा. वरची दोन इंच माती रोज भिजत राहिली तर मुळं वरच राहतात आणि कडक उन्हात तीच माती आधी तापते, सुकते. पाणी किती मुरलं ते कळायला एक लोखंडी सळई पुरते, ओल्या मातीत सहज खाली जाते आणि कोरडं लागलं की अडते, फूट-दीड फूट गेली म्हणजे छान. पुढचं पाणी वरची दोन-तीन इंच माती सुकून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नाही अशी झाल्यावर. चिकण मातीत पाणी हळू सोडा नाहीतर वाहून जातं, रेताड मातीत ते भराभर खाली जातं म्हणून लवकर लवकर द्यावं लागतं.

आणि दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच धावू नका!! संध्याकाळी परत ताठ झाली तर तो नुसता उन्हाचा ताण असतो. सकाळीही मलूलच असली तर आधी मातीत बोट घाला, कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळं हवेवाचून गुदमरताहेत, तिथे आणखी पाणी म्हणजे झाड घालवणंच. बोगनवेलीला तर थोडा ताण लागतोच, पाणी आणि नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की नुसता पाला येतो.

३. आच्छादन

पालापाचोळा जाळू नका, फेकू नका, झाडाखालीच २ ते ४ इंच पसरा. माती थंड राहते, ओल टिकते, गवत कमी येतं. फक्त खोडापासून चार-पाच बोटं लांब, ढीग लावून चिकटवला तर साल ओली राहून कुजते. खोडाजवळ गवत कापायचं मशीनही नेऊ नका, सालीच्या लगेच आतच जिवंत थर असतो, तो चहूबाजूंनी कापला गेला की मोठं झाडही मरतं.

४. छाटणी

वाळलेली, मोडलेली, एकमेकांवर घासणारी फांदी कधीही काढा. बाकी छाटणी बेताने, एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नको, कारण आतली साल एकदम उघडी पडली की उन्हाने भाजते. जास्वंद, बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात म्हणून बहर ओसरला की छाटा. जुन्या फांदीवर फुलणारी झुडपं मात्र फुलं संपल्यावर लगेचच छाटायची, उशीर केला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

जाड फांदी तीन कापांत. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून आरपार, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडं कापू नका, जखम तिथूनच भरते. वर रंग-डांबर काही लावायची गरज नाही, झाड ती जागा आतून स्वतः बंद करतं. आणि शेंडा सपाट छाटून झाड बुटकं करणं तर अजिबात नको, त्यातून फुटणारे धुमारे कमकुवत असतात आणि वाऱ्यात मोडतात.

५. खत आणि कीड

जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं. खत कुजलेलंच घ्या आणि आळ्याच्या बाहेरच्या कडेला टाका, वर पाणी द्या. कोरड्या मातीत किंवा ताणात असलेल्या झाडाला रासायनिक खत देऊ नका, मुळं जळतात.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर शेंड्यात मावा किंवा पिठ्या ढेकूण अशी रस शोषणारी कीड शोधा, बहुतेकदा सापडतोच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, तरी राहिला तर निंबोळी तेल, तेही संध्याकाळी, कारण उन्हात फवारलं तर पानं करपतात.