सोलापुरात बाग आखण्यापूर्वीची तयारी

नव्या घराभोवती बाग करायची ठरली की बहुतेक जण पहिल्याच रविवारी रोपवाटिकेत जातात. माझ्या मते सोलापुरात तिथे सर्वांत शेवटी जावे. येथे बागेचा आराखडा पाण्यावरून ठरतो, आणि पाण्याचा हिशेब कागदावर मांडून होईपर्यंत एकही रोप घरी आणू नये.

आधी जागा टेपने मोजावी आणि आलेख कागदावर एक मीटरला एक सेंटीमीटर या प्रमाणात उतरवावी. घर, बोअर, शोषखड्डा, जमिनीखालचे नळ, वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि शेजाऱ्याची भिंत हे सारे त्यात दाखवावे. उत्तर दिशेची खूण करायला विसरू नये, कारण सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दहा फुटी झाडाची दुपारची सावली सुमारे नऊ फूट उत्तरेला पडते. बसायची जागा कुठे आणि सावलीचे झाड कुठे, हे यावरूनच ठरवावे. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचे ऊन सर्वांत जास्त तापते, म्हणून तिच्या बाजूला मोठे झाड येईल अशी जागा तेव्हाच राखून ठेवावी.

जमिनीचा उतार डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही कोपऱ्यांची पातळी तपासावी. त्यानंतर दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो ते नोंदवावे. मग खड्डे पाण्याने भरून ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. ही पाहणी मी स्वतः टाळली होती. अंगणाच्या सखल कोपऱ्यात कागदी लिंबू लावले. सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर तिथे तीन दिवस पाणी साचून राहिले, पाने पिवळी पडली आणि दिवाळीपर्यंत झाड गेले. उपटले तेव्हा मुळांची साल बोटांत सुटून येत होती. त्या कोपऱ्यात आता उंच वाफा केला आहे आणि पाणी बाहेर जायला चर काढला आहे.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जातो. म्हणून पायवाट थेट मातीवर सिमेंटने बांधू नये. फूटभर माती काढून तिथे मुरूम पाणी मारून धुमसावा, वर वाळूचा थर द्यावा आणि त्यावर शहाबादी फरशी सुटी बसवावी, म्हणजे एखादी खचली तरी उचलून पुन्हा सारखी करता येते. माती आणि बोअरचे पाणी दोन्ही प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. चुनखडी जास्त असेल तर लोह मिळत नसल्याने मोगरा आणि जास्वंद यांची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात.

आता पाण्याचा हिशेब. नळाला रोज पाणी येत नाही, हे गृहीत धरूनच तो करावा. शंभर चौरस मीटर छपरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी होते, आणि गळती व वाया जाणारे वजा जाता चाळीस हजार लिटर टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला मिळते. याच्यासमोर हिरवळ ठेवून पाहावी. मे महिन्यात तिला चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागते, म्हणजे एका गुंठ्याला पाचशे ते सहाशे लिटर. मुलांना खेळायला हवी तेवढीच हिरवळ ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या भागात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. ठिबकच्या नळ्या अंथरताना झाडांसाठी एक आणि फुलांच्या वाफ्यांसाठी एक अशा दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात, कारण दोन्हींची तहान सारखी नसते.

झाडांची निवड आता सोपी होते. कडुनिंब, बहावा, कांचन, आपटा, बेल आणि सीताफळ ही येथील उन्हाला आणि कमी पावसाला सरावलेली आहेत. कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा चालतो. वड, पिंपळ आणि उंबर घराजवळ लावू नयेत. प्रत्येक झाडाचा पूर्ण वाढलेला घेर कंपासने कागदावर काढावा आणि मगच जमिनीवर सुतळी लावून फक्कीने आखणी करावी.

मोठ्या झाडांसाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे एप्रिल-मे महिन्यात घेऊन उन्हात तापू द्यावेत. पावसाच्या तोंडावर कुजलेले शेणखत, पोयटा आणि निंबोळी पेंड मिसळून ते भरावेत, आणि एक-दोन चांगले पाऊस होऊन माती खाली बसली की रोपे आणायला निघावे. रोप पिशवीतून काढून पाहावे. मुळे तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर ते परत ठेवावे आणि दुसरे मागावे.